वाकडे चौकोन

मागावरून गालिचा उतरवायचा म्हणजे पुरुषांना घराबाहेर काढायचं, हा डोंगरातला जुना दंडक. म्हणून तूदाने नवऱ्याला, बास्सूला, सकाळीच बाजारात पिटाळलं. खरं तर आज तिला कुणीच नको होतं. सासू नको, जाऊ तर मुळीच नको. पण त्या दोघी ठाण मांडून बसल्या होत्या, आणि सासूच्या मांडीवर तूदाची तान्ही इत्तो अंगठा चोखत होती.

विणणारीला आपलं काम पुरतं दिसत नाही. थोडं विणून झालं की ते खालच्या दांड्यावर गुंडाळलं जातं आणि डोळ्यांपुढे राहतो तेवढा वरचा पट्टा. तूदाने हा गालिचा लावला तेव्हा इत्तो पोटातही नव्हती. सुरुवातीला काय विणलं ते ती पार विसरली होती.

या घरात सुनेचा पहिला गालिचा चांगला निघाला तर तो पाहुण्यांच्या खोलीत, सासूच्या गालिच्याशेजारी अंथरतात. नाही तर त्याची रवानगी खेचराच्या पाठीवर. थोरल्या जावेचा, हद्दाचा, गालिचा कैक वर्षं खेचरच मिरवत होतं, आणि त्याला जोडीदार मिळावा अशी तिची फार इच्छा होती.

सासूने, लल्ला इज्जाने, गालिच्यावर पाणी शिंपडलं. माणूस गेल्यावर शिंपडतात तसंच, कारण माग सुटला की गालिच्याचाही प्राण जातो. तूदाने धागे कापले आणि दोघी जावांनी तो अंगणात उलगडला.

पहिले चौकोन सरळ होते. पुढे ते डावीकडे कलू लागले, मग आणखी कललेले, मग अंग चोरून एका कडेला गोळा झालेले. शेवटी पुन्हा सरळ.

"अगंबाई, हे चौकोन चालले कुठे?" हद्दा म्हणाली. "बाजाराला?"

"पोट आलं नि मला मागापुढे सरळ बसताच येईना," तूदाचा आवाज रडवेला झाला. "कुशीवर बसून विणलं. हात पोचेल तिथवर."

"नाचता येईना अंगण वाकडं, विणता येईना पोट आडवं!"

"हद्दा, जीभ आवर," लल्ला इज्जा म्हणाली. "तुझा गालिचा खेचरावर गेला तो वाकडा म्हणून नाही. तू गाठी चोरल्यास, विरळ विणलंस म्हणून." तिने गालिच्याची कड उलटून नखाने गाठी चाचपल्या. सगळ्या दाट नि घट्ट होत्या. मग उठली. "चला गं दोघी. पाहुण्यांच्या खोलीतली पेटी उचला."

ती लाकडी पेटी कुणी कधी हलवली नव्हती. दोघींनी कण्हतकुथत ती अंगणात आणली. खोलीत पेटीच्या जागी सासूचा गाजलेला गालिचा अजून कोरा करकरीत होता, आणि तिथले सगळे चौकोन डावीकडे कललेले!

"हा बास्सू," लल्ला इज्जा म्हणाली. "पोटात असल्यापासून आडमुठा. माझ्या सासूच्या भीतीने मी वर पेटी ठेवली, ती ठेवलीच."

हद्दाला आधी हसू फुटलं. मग तिघी भिंतीला टेकून इतक्या हसल्या की इत्तोने भोकाड पसरलं.

तिला पाजता पाजता तूदाने अंगणातला आपला गालिचा पुन्हा पाहिला. इथे पिवळा रंग एकदम नाहीसा झाला होता. त्या दिवसांत तो रंग देणाऱ्या डाळिंबाच्या सालीचा वास आला की तिला ओकारी यायची. इथे चौकोन पिटुकले, तेव्हा पाय सुजले होते. आणि शेवटी लालच लाल. बाळंतपणानंतर मागाशी बसली त्या दिवशी तिचा हात थांबतच नव्हता. आपण हे सगळं विणलं, या विचाराने तिला एवढा आनंद झाला की तिने लेकीचा पापा घेतला.

गालिचा आत अंथरला गेला. हद्दाने विचारलं, "पेटी आता हिच्या वाकड्यावर ठेवू का?"

"नको," तूदा म्हणाली. "दिसू दे."

लल्ला इज्जाने सुनेकडे पाहिलं, मग आपल्या कललेल्या चौकोनांकडे. "पेटी अंगणातच राहू दे. कोंबड्या बसतील वर."

दुपारी बास्सू पुदिन्याच्या जुड्या घेऊन आला, पेटीला अडखळला आणि कुरकुरत खोलीत शिरला, थेट आईच्या कललेल्या चौकोनांवर.

"जपून रे," आई म्हणाली. "स्वतःच्याच डोक्यावर पाय देतोयस."