बाजूची खुर्ची

पालिकेच्या मुख्य लेखाधिकाऱ्याची खुर्ची रिकामी होती, आणि तिचं सगळं काम स्नेहलताबेन करत होत्या. करत होत्या म्हणजे, बाजूला दुसरी खुर्ची टाकून. तात्पुरत्या इन्चार्ज माणसाने मोठ्या खुर्चीत बसायचं नाही, ही त्या ऑफिसची रीत. मागे एका इन्चार्जसाहेबांनी ती मोडली, तर बदली होईपर्यंत सगळे त्यांना 'महाराज' म्हणत राहिले.

बेनना तसला तमाशा नको होता. त्यांना रीतसर हुकूम हवा होता. आजोबा संस्थानच्या खजिन्यात अधिकारी. बेन स्वतः कारकून म्हणून लागून चढत चढत इथवर आलेल्या. शेवटच्या पायरीला सी.ए. लागतं, ते काही त्यांच्याकडे नव्हतं. पण कमिशनरसाहेब म्हणाले होते, की मुलाखतींच्या तीन खेपांत कुणी लायक मिळालं नाही, तर अट काढून बेननाच नेमू. तेव्हापासून बेनचा जीव त्या खुर्चीत अडकला होता. दर दिवाळीला लहरीपुऱ्याच्या बाजारातून तिच्यावर टाकायला पांढरा टॉवेल त्या स्वतः आणत. नवरा, विश्वंभर, चिडवायचा की एकदाचं खुर्चीचं बारसं करून टाक. त्या म्हणत, आधी घरात तर येऊ दे.

मुलाखतींना जाणकार म्हणून बेनच बसायच्या. पहिल्या खेपेला कुणी फिरकलंच नाही. दुसऱ्या खेपेला एक गृहस्थ आले, ते अगदीच कच्चे निघाले. बेन 'नाही चालणार' म्हणाल्या ते खरंच होतं. म्हणताना त्यांना आतून गुदगुल्या झाल्या, हेही खरंच.

तिसऱ्या खेपेला आली मनाली. सावली गावच्या एका कारखान्याचे हिशेब सांभाळायची. मेली हुशार निघाली! बेननी मग ठेवणीतला प्रश्न काढला. हद्दीत नव्याने आलेल्या गावांतल्या जुन्या नोकरांच्या पेन्शनचा. त्यात भलेभले गटांगळ्या खातात.

मनालीने प्रश्न कागदावर उतरवून घेतला. मग म्हणाली, "हे मला येत नाही. पण इथे कुणीतरी रोज करत असेल ना? मी आधी त्यांच्याकडून शिकेन."

साहेबांनी बेनकडे पाहिलं. एक 'नाही' पुरलं असतं. बेनना त्या पोरीचा असा राग आला! थाप मारली असती, तर किती सोपं झालं असतं.

"घ्या हिला," त्या म्हणाल्या.

अकोट्याला घरी पोचल्यावर आधी त्यांनी पुलावरच्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या, आणि मग रडल्या. विश्वंभरने या वेळी चिडवलं नाही. चहा केला.

मनाली हजर झाली त्या सकाळी मोठ्या खुर्चीवर नवा टॉवेल होता. बेननीच टाकलेला. समोरच्या खुर्च्या लोकांनी आणलेल्या फुलांच्या गुच्छांनी भरून गेल्या होत्या. मनालीने इकडे तिकडे पाहिलं. एका खुर्चीवर कोरा टॉवेल, जवळ ना पेन ना घंटी. दुसरीचे हात झिजलेले, सीटवर उशी, फोन हाताशी. काम कुठे चालतं ते तर दिसतच होतं. ती सरळ जाऊन बाजूच्या खुर्चीत बसली.

बेन टेबलापाशी उभ्याच राहिल्या.

"उभ्या का, मॅडम? बसा ना. तुम्हीच मला शिकवायचंय," मनाली म्हणाली.

बसायला एकच जागा उरली होती. आणि सांगणारी खुद्द मुख्य लेखाधिकारी; म्हणजे हुकूमच म्हणायचा. बेन बसल्या. खुर्ची मऊ होती, पाय मात्र जेमतेम जमिनीला टेकत होते. तरी बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

एवढ्यात शिपाई सुभानराव सकाळच्या फायली घेऊन आत आले. बेनना मोठ्या खुर्चीत पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी हात जोडले असते, पण हात भरलेले होते. मान लववून ते टेबलाला वळसा घालून गेले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने फायली ठेवल्या त्या बाजूच्या खुर्चीपुढे.

बेनचा हात पुढे झाला होता. त्यांनी तो टेबलावरच ठेवला. मनाली वरची फाईल उघडत होती.

"ती राहू द्या," बेन म्हणाल्या. "सगळ्यात खालची काढा. तातडीचं असलं की सुभानराव खाली ठेवतात."