बाबांचा निरोप

टपाल सांभाळणाऱ्या एमिलियाने केसांतली पिन काढली आणि आफ्रिकेतल्या गिनीहून आलेलं पत्र कडेकडेने उघडलं. टपालकचेरीच्या खिडकीपाशी देओलिंदा मावशी उभी होती. निरोप मिळाला तशी ऑलिव्ह वेचता वेचता उठून आली होती.

"बस ना, मावशी."

"बसले की उठवत नाही. वाच तू."

मावशीला अक्षरओळख नव्हती. तिचा मुलगा सिल्विनो लढाईवर गेल्यापासून त्याचं पत्र एमिलिया वाचायची आणि उत्तरही तीच लिहायची. लिस्बनच्या साहेबलोकांना आफ्रिकेतल्या वसाहती सोडवत नव्हत्या. त्यापायी डोंगरातल्या गावांमधली पोरं एकामागून एक जहाजात चढत होती.

जूनमध्ये मावशीचा नवरा बेल्मिरो गेला, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पोराला कळवायचं नाही." पलीकडच्या गावातल्या एका पोराला आई गेल्याचं पत्र मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी, कुठे चालतोय याचं भान नसताना, त्याचा पाय सुरुंगावर पडला. तेव्हापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी बेल्मिरोचा निरोप जाऊ लागला. बाबा बरे आहेत, बाबा जपून राहा म्हणतात. पोरगाही बाबांना उत्तर द्यायचा. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालून घालून एमिलिया कंटाळून गेली होती, पण नाही म्हणायची तिची छाती होत नव्हती.

मग सिल्विनोने फोटो मागितला. या गावात विधवेने एकदा काळं घातलं की ते तिच्याबरोबरच मातीत जातं. मावशीने जत्रेच्या दिवशी डोक्याचा काळा रुमाल सोडला, नणंदेचा फुलाफुलांचा बांधला आणि फोटोवाल्यापुढे उभी राहिली.

"नवऱ्याला जाऊन वर्ष नाही झालं, आणि म्हातारीचे रंग बघा!" झऱ्यावरच्या बायका मुद्दाम मोठ्याने बोलल्या. मावशीने मान वर केली नाही. आता त्या फोटोचंच उत्तर आलं होतं.

"'आई, फोटो मिळाला,'" एमिलिया वाचू लागली. "'तू चांगली दिसतेस. बाबांना म्हणावं, डुक्कर कापलंत की माझ्या वाटणीचं सॉसेज धुरावर टांगून ठेवा.'"

"खादाड मेला," मावशी हसली.

पुढच्या ओळीपाशी एमिलिया अडखळली.

'एमिलियाबाई, यापुढचं आईला वाचू नका. बाबांचं मला ऑक्टोबरातच कळलं, नवीन तुकडीतल्या गावाकडच्या एकाकडून. आईला माझी काळजी नको, म्हणून मी बोललो नाही. फोटोतला रुमाल आत्याचा आहे, मी ओळखला. माझ्यासाठी तिला पुन्हा काळं सोडायला लावू नका. बायका तिला जगू देणार नाहीत.'

एमिलियाने पत्राची घडी घातली.

"झालं?"

"झालं."

"वाचता येत नसलं तरी कागदावर कुठवर पेरलंय ते दिसतं मला," मावशी म्हणाली. "तू अर्ध्यावर थांबलीस."

एमिलियाने घडी पुन्हा उघडली.

"बाबांचं कळलं ना त्याला?"

"हो."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

मावशीने बोटांवर महिने मोजले. पाच. मग मात्र ती मटकन बाकावर बसली.

"पाच महिने माहीत आहे, आणि चालतोय माझा पोर. नीट बघून चालतोय." तिने पदरासारखं शालीचं टोक तोंडावर घेतलं आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्यासाठी मनसोक्त रडली. एमिलिया खिडकीची झडप लावून तिच्याजवळ येऊन बसली.

बऱ्याच वेळाने मावशीने नाक पुसलं.

"त्याला माहीत आहे हे मला कळलंय, ते लिहू नकोस. माझ्यापायी एवढं सांभाळतोय, तर सांभाळू दे. नेहमीसारखंच लिही."

एमिलियाने कोरा कागद ओढला. ऑलिव्हबद्दल लिहिलं, गुडघ्यांबद्दल लिहिलं. कागद भरत आला.

"आणि बाबा काय म्हणतात, मावशी?"

मावशीने शालीचं टोक नीट खोचलं.

"म्हणावं, आता फार थकलो. म्हणावं, पुढच्या साली द्राक्षाच्या वेली तूच छाट."