तीन मातींची सायकल

समजा, तुम्हाला उद्या एका वाटेनं चालत जायचं आहे. वाटेच्या सुरुवातीला काळी माती आहे, पाऊल उचललं की शेरभर चिखल सोबत घेऊनच वर येणारी. पुढं मुरमाड माळ लागतो, सगळीकडं सराटे आणि बाभळीचे काटे पसरलेले. आणि शेवटी आहे जांभा खडक. कोरडा असला तर पायाला धरून ठेवतो, ओला झाला की शेवाळानं पार निसरडा. आता अट ऐका. या सगळ्या वाटेला चपलांचा एकच जोड घालायचा आणि मध्ये बदलायचा नाही. कुठला घालाल?

घाई करू नका. अंकितालाही ठरवायला दोन महिने लागले होते. आणि तिला तर चपला नाही, डोंगरात पळवायच्या सायकलचं टायर निवडायचं होतं.

अंकिता मलकापूरजवळच्या एका वाडीवर राहायची. आठवीत होती. दसऱ्यानंतर दुसऱ्याच दिवशी साताऱ्याच्या डोंगरात सायकलींची निवड स्पर्धा होती, आणि तिची वाट अशीच तीन मातींची होती. पहिल्या सहा मुलींना पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. तिथं शाळा, जेवण, सराव, सगळं काही. वयाची अट होती चौदाच्या आतली, आणि डिसेंबरात अंकिताला चौदा वर्षं पुरी होणार होती. म्हणजे तिच्यासाठी ही पहिलीच संधी होती आणि शेवटचीही.

सायकल तिला शिकवणारे वीरधवल सर होते. सायकलही त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याची होती. पण सर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे पाच दिवस तिचे गुरू तिचे आजोबाच. गुंडाआबा. आबांनी फौजेत एकवीस वर्षं ट्रक चालवले होते, लेहच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत. सायकलमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण रस्ता कळत होता.

"अंके, आधी माती शिकायची," आबा म्हणाले. "टायर मागनं."

मग आबांनी तिला माती शिकवली. श्रावणात ते तिला सांगलीकडं तिच्या मामाच्या गावी घेऊन गेले, कृष्णाकाठच्या रानात. बारीक नक्षीच्या टायरवर ती जेमतेम वीस पावलं गेली असेल. काळी माती टायरच्या खाचांत बसली, मग चौकटीत अडकली आणि चाक फिरायचंच थांबलं. अंकिता सायकलसकट आडवी झाली. बांधावरचा मामा पोट धरून हसला. म्हणाला, "आवं आबा, पोरगी भात लावाय आणलीय व्हय?"

आबा हसले नाहीत. काटकीनं एकेका खाचेतला चिखल काढत बसले. "ह्ये बघ. ह्या टायरच्या रबरी गुठळ्या जवळजवळ हायत. चिखलाला बाहेर पडाय वाटच न्हाई. उंच पायजेत आन् लांबलांब पायजेत. म्हंजी चाक फिरलं की चिखल आपसूक उडतोय."

भाद्रपदात ते आत्याकडं माणात गेले, दहिवडीच्या पलीकडं. तिथं उलटंच झालं. उंच गुठळ्यांचं टायर कडक माळावर घरघर करत जड चालायला लागलं, आणि संध्याकाळी दोघांनी मिळून त्यातून सतरा काटे उपटले. हवा मात्र गेली नव्हती. कारण सरांनी ट्यूब काढून टाकली होती आणि टायरच्या आत एक पांढरा द्रव ओतला होता. काटा निघाला की तो द्रव भोकाशी येऊन वाळायचा आणि भोक बुजायचं.

"रुईच्या चिकावानी हाय की गं!" आबा हरखून म्हणाले. तेव्हापासून त्या द्रवाचं नाव घरात चीकच पडलं.

जांभ्यावर त्यांनी तिसरा धडा घेतला. तिथं हवा कमी केली की टायर खडकावर पसरून बसायचं आणि सायकल घसरायची नाही. पण हवा फारच कमी केली तर दगडाचा मार थेट धातूच्या कड्याला बसायचा. रोज सकाळी आबा हवा मोजायचे आणि आकडा अंकिताच्या जुन्या वहीत लिहायचे.

मग टायर निवडायचा दिवस आला. अंगणात चार टायर मांडून दोघं बसले.

"आबा, एकबी टायर तिनी मातींना चालत न्हाई," अंकिता रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग एकच कशाला पायजे? चाकं किती हायत?"

"दोन."

"म्होरलं चाक काय करतंय?"

"वाट धरतंय."

"आन् मागलं?"

"ढकलतंय." अंकिता थांबली. मग एकदम उठून उभी राहिली. "म्हंजी म्होरं उंच गुठळ्यांचं, चिखलातबी वळणारं! आन् मागं बारीक नक्षीचं, माळाला हलकं पळणारं. दोन्हीत चीक!"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना हे आधीच सुचलं होतं की नाही, कुणास ठाऊक. संध्याकाळी वीरधवल सर आले, दोन्ही टायर पाहिली आणि म्हणाले, "हे माझ्या मोठ्या मुलांनाही सुचत नाही." चढासाठी पुढचं दातांचं चक्र लहान घ्यायचं आणि मागचं मोठं, हेही त्या तिघांनी मिळून ठरवलं. नवे ब्रेक मात्र नंतर एके दिवशी सरांनी एकट्यानंच बसवले. चाकाच्या मधोमध एक चकचकीत चकती, आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळून धरणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या. त्या दिवशी आबा गावातल्या मयतीला गेले होते. त्यामुळं हा एकच धडा त्यांच्या माघारी झाला.

आता खंडेनवमी तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं आणि यंत्रं धुऊनपुसून पुजायची. कोयते, कुदळ, पाण्याची मोटर, मोटारसायकल. हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. आमच्याकडं आणखी एक रीत आहे. उसाचा कोयता धुतला की ओला ठेवत नाहीत. तेलाच्या फडक्यानं पुसून घेतात, म्हणजे लोखंड गंजत नाही आणि लखलखतं.

आबांनी सायकल धुतली. मडगार्ड नसलेली ती सायकल त्यांनी पाटावर उभी केली आणि एखाद्या लेकराला न्हाऊ घातल्यावर पुसतात तसं एकेक लोखंड तेलाच्या फडक्यानं पुसलं. चेन पुसली, चक्रं पुसली, नटबोल्ट पुसले. चाकाच्या मधल्या त्या दोन चकत्या तर सगळ्यांत जास्त चकाकत होत्या. त्या त्यांनी दोनदा पुसल्या.

अंकितानं आरती केली. दसऱ्याला सोनं वाटण्यात दिवस गेला. "सायकल आज ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले, "उद्या तिला पळायचंच हाय." आणि ती राहिली.

स्पर्धेच्या सकाळी सपाटीवर तिनं दोन फेऱ्या मारल्या. ब्रेक दाबला तेव्हा जरा कुरकुरला आणि उशिरा लागला. दवानं ओला झाला असेल, असं तिला वाटलं. सर वीस मुलांमध्ये अडकले होते. त्यांनी तिची हवा तपासली, शिरस्त्राणाचा पट्टा ओढून पाहिला आणि पुढं गेले.

शिट्टी झाली. पायथ्याच्या काळ्या रानात पहिल्याच वळणावर चार मुली चिखलात रुतल्या. अंकिताच्या पुढच्या चाकानं चिखल उडवला आणि ती निघून गेली. माळावर तिचं मागचं चाक हलकं पळत होतं. एकीची हवा गेली, तिची नाही. चढावर लहान चक्र गरागरा फिरत राहिलं. डोंगराच्या माथ्यावर पोचली तेव्हा ती तिसरी होती. तिथं उभे असलेले आबा फेटा सोडून हलवत ओरडले, "लय भारी, अंके! आता फकस्त उतार!"

उताराच्या पहिल्या वळणाला तिनं ब्रेक दाबला. चाकातून किंकाळी निघाली, पण वेग कमी झाला नाही. तिनं आणखी जोरात दाबला. दोन्ही दांड्या पार मुठीला टेकल्या. समोर कडा दिसला, आणि तिनं सायकल बाजूच्या कारवीच्या झुडपांत घातली.

तिला फार लागलं नाही. कोपर सोललं, गुडघ्यावर खरचटलं. पण तो सगळा उतार तिला सायकल हातात धरून पायी उतरावा लागला. एकेक मुलगी शेजारून सुसाट जात होती. ती अकरावी आली.

वीरधवल सरांनी चकतीवरून बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. "हे तेल आहे. डिस्कला तेल कुणी लावलं?"

माथ्यावरून घाईघाईनं उतरून आलेले आबा तिथंच उभे होते. धापा टाकत होते. "म्या लावलं," ते म्हणाले. "खंडेनवमीला. समदं लोखंड पुसलं हुतं. तेबी पुसलं." मग सरांच्या चेहऱ्याकडं बघून हळूच विचारलं, "का वो?"

"आबा, पट्ट्या ह्या चकतीला घासूनच थांबवतात. तेल लागलं की त्या धरत नाहीत. पट्ट्यांनी तेल प्यायलं की त्या फेकूनच द्याव्या लागतात." सरांचा आवाज शांत होता.

अंकिताचा नव्हता.

"कुणी सांगितलं हुतं तुमास्नी हात लावाय?" ती सगळ्यांसमोर ओरडली. "ट्रक चालवलं म्हणून समदं कळतं व्हय? माझं पुणं तुमी घालवलं! तुमी!"

 हातातला फेटा आबांनी घडी घालून खांद्यावर टाकला. येताना टेम्पोत ते मागं सायकल धरून बसले होते. परतताना ड्रायव्हरशेजारी बसले.

सरांनी त्याच संध्याकाळी पुण्याला फोन लावून पाहिला. नियम म्हणजे नियम, असं उत्तर आलं. अंकितानं उशीत तोंड खुपसून जेवण चुकवलं. दुसऱ्या दिवशी तिचा राग उतरला आणि मग कळलं, रागाखाली काय होतं ते. राग होता तोवर निदान काहीतरी धरायला होतं. आता पुणंही नव्हतं, आणि आबा असून नव्हते. ते वेळेवर उठत, जेवत, विचारलं तर उत्तर देत. पण गोठ्यातल्या नळाचा वायसर गेला तेव्हा त्यांनी आईला सांगितलं, "कुणाला तरी बोलीव." सबंध वाडीचे नळ ज्यांनी दुरुस्त केले, ते आबा असं म्हणाले. आई अंकिताकडं बघत राहिली.

पाचव्या दिवशी सरांनी नव्या पट्ट्या पाठवल्या. त्या आणायला अंकिता मलकापुरात बाळासोच्या गॅरेजवर गेली. तिथं फळीवर एक हिरवी लोखंडी पेटी होती. वर पांढऱ्या रंगात आबांचा फौजेतला नंबर.

"ही हितं कशी?"

"आबा दिऊन गेलं परवा. पाने, पकडी, समदं," बाळासो म्हणाला. आधी तो हसतच सांगत होता. "म्या म्हणलं, आवं, ऱ्हाऊ द्या की घरात, कोण खातंय? तर म्हणलं, 'बाळासो, यंत्रं बदलली, माझं हात त्येच ऱ्हायलं. आता कुणाच्या जिवावर बेतायला नगं.'" बाळासोचं हसू तिथंच संपलं. "पोरी, काय झालंय गं?"

अंकितानं सांगितलं नाही. तिनं पेटी उचलली. पेटी इतकी जड होती की वाडीपर्यंत तिला सहा वेळा खाली ठेवावी लागली.

आबा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. पेटी बघून त्यांनी मान खाली घातली आणि शेंगा फोडत राहिले. अंकिताला म्हणायचं होतं की माझं चुकलं.  त्याऐवजी तिनं अंगणात सायकल उलटी केली, चाकं काढली, जुन्या पट्ट्या काढून टाकल्या, आणि सरांनी दिलेल्या स्पिरिटनं चकत्या पुन:पुन्हा पुसल्या. मग नवी पट्टी घेऊन ती आबांसमोर आली.

"धरा, आबा."

आबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "नगं, बाय. माज्या हाताला कायम तेल असतंय."

अंकिता घरात गेली. तांब्याभर पाणी आणि साबण घेऊन आली, आणि आबांच्या पायांशी खाली बसली. त्यांचे हात तिनं ओढून पुढं घेतले. एकेक बोट, एकेक नख, पेरांवरच्या काळ्या भेगा, सगळं तिनं साबणानं धुतलं. पाणी काळं व्हायचं थांबेपर्यंत धुतलं.  तिनं वर बघितलं नाही. ते हात तिनं धुतलेल्या पंचानं कोरडे केले, तळव्यावर ती छोटी पट्टी ठेवली, आणि त्यांचं बोट धरून पट्टीच्या मागच्या पत्र्यावर टेकवलं.

"हितं धरायची, आबा," ती म्हणाली. "फकस्त हितं. आता सांगते, ही कशी बसते ती."