ग्रहणातले डबे

सोमवारी पहाटे फ्रिज उघडला आणि माझं डोकंच फिरलं. आत फक्त दुधाची पिशवी आणि लिंबाचं लोणचं. रविवारी भरून ठेवलेले माझे सगळे डबे ओट्यावर पालथे, घासूनपुसून लख्ख. एरवी या घरात माझ्याशिवाय कुणी चमचा विसळत नाही.

रविवारचा अख्खा दिवस मी त्यात घातला होता. मटकीला मोड आणले, गवार मोडली, कोबी चिरला, कांदा-खोबरं भाजून वाटण केलं, लसूण सोलून सोलून बोटांची आग झाली. कणीकसुद्धा मळून तेलाचा हात लावून ठेवली होती. सकाळी नुसती फोडणी द्यायची आणि पोळ्या लाटायच्या.

हौस म्हणून नव्हतं केलं हे. त्या सोमवारी मी पहिल्यांदा सुपरवायझर म्हणून कामावर जाणार होते. कंपनीची बस सहाला बोईसरच्या नाक्यावर येते, ती कुणासाठी थांबत नाही. आणि विक्रमने, माझ्या नवऱ्याने, अट घातली होती: घरचा डबा एक दिवस जरी चुकला तर नोकरी सोडायची. इतकी वर्षं मी पॅकिंगला दिवसभर उभी राहत होते, तेव्हा हा कँटीनचं मुकाट गिळत होता. मला बढती मिळाली आणि एकदम त्याला घरच्या जेवणाचा पुळका आला. मीही हट्टाने म्हटलं, घाला अट, पुरी करून दाखवते.

आदल्या रात्री चंद्रग्रहण होतं. माझ्या सासूबाई, इंदुबाई, मूळच्या नांदेडकडच्या. वेध लागले की पाण्याचा घोट घेत नाहीत. ग्रहणात घरात राहिलेलं अन्न त्यांच्याकडे टाकून देतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी सरळ त्यांच्यावरच धावून गेले. तोंडाला येईल ते बोलले. माझ्या पोटावर पाय दिलात, म्हटलं, सुनेचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही. त्या अंघोळ करून देवापुढे बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि उठून मला मोरीजवळच्या कचऱ्याच्या बादलीपाशी नेलं.

मटकीवर, कोबीवर, कणकेच्या गोळ्यावर तुळशीची पानं चिकटलेली होती.

"म्या गिराण लागायच्या आदीच परत्येक डब्यात तुळस घातली हुती," त्या म्हणाल्या. "तुळस घातल्यावर अन्नाला गिराण बाधत न्हाई. मग म्या कशाला टाकू?"

टॉवेलने तोंड पुसत विक्रम बाहेर आला. म्हणाला, टाकलं त्यानेच, ग्रहणातलं आईला चालत नाही म्हणून. काल वेध लागल्यावर हाच माणूस स्टेशनजवळ भजी खाऊन आला होता आणि मिटक्या मारत ते सांगतही होता. आज याला आईचा धर्म आठवला.

"आता डब्याचं काय?" त्याने अगदी शांतपणे विचारलं. "आपलं ठरलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्याने कणीक मळून भाजी टाकली असती तर बस गेली असती, आणि त्याला तेच हवं होतं. चोर तो चोर, वर शिरजोर.

"डबा मी चुकवला नाही," मी म्हणाले. "तुम्ही फेकलात. ती अट आता तुमच्यापाशीच ठेवा."

त्याने आईकडे पाहिलं. ती आपली बाजू घेणार याची त्याला खात्रीच होती.

"तुझ्या बापानं माजं अंगणवाडीचं काम असंच सोडाय लावलं," सासूबाई म्हणाल्या. "रोज जेवणात कायतरी खोट काढायचा. म्या गप बसले. ही बसायची न्हाई." मग माझ्याकडे वळल्या. "तू जा. बस जाईल."

मी चप्पल पायात सरकवली आणि निघाले. त्यांची माफी मागायचंही मला सुचलं नाही, इतकी मी पेटले होते. ती संध्याकाळी मागितली. राग मात्र उतरला नाही, आणि मला तो उतरवायचाही नव्हता.

पुढच्या रविवारी सासूबाई आणि मी मिळून भाज्या निवडल्या आणि दोघींपुरतेच डबे भरले. विक्रमने फ्रिज उघडला आणि त्याचा डबा कुठला म्हणून विचारलं.

"खालच्या कप्प्यात मेथीची जुडी आहे," मी म्हणाले. "निवडायला बसा."