डॉक्टरांनी विचारलं तेव्हा

गुरुसिद्धआण्णांनी हातातली चहाची बशी मल्लेशपुढं सरकवली आणि अदबीनं विचारलं,

"घ्या पावणं. कुठल्या तालमीचं म्हणायचं तुम्ही?"

मल्लेश पुण्याहून नुकताच येऊन टेकला होता. पाठीवरची सॅकही अजून उतरवली नव्हती. त्यानं बशी घेतली, बापाकडं बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईकडं.

"मी मल्लेश, आप्पा."

"मल्लेश." आण्णांनी नाव तोंडात घोळवलं. "ब्येस. अंगापिंडानं चांगलं हाईसा की."

रुद्राणी पदराला हात पुसत आत वळली. हाताला पुसण्यासारखं काही लागलेलं नव्हतं. गेल्या खेपेला आण्णांनी पोराला स्वतःच्या भावाच्या नावानं हाक मारली होती. त्यात निदान नातं तरी होतं.

राधानगरीपासून कुरुंदवाडापर्यंत कुठंही जत्रेतल्या कुस्त्यांचं मैदान असलं की माइकवर आण्णाच असायचे. पैलवान आखाड्यात उतरून शड्डू ठोकतोय तोवर त्याचं गाव, त्याचा वस्ताद, त्या वस्तादाचा वस्ताद, त्यानं कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, हे सगळं सांगून झालेलं असायचं. हातात कधी कागद नाही. कुस्ती बघायला आलेली माणसं निम्मी त्यांना ऐकायला आलेली असायची. आता त्याच आण्णांना वाटी मागायची असली तर हातानं गोल करून दाखवावा लागे. छातीचं मात्र उत्तम चाललं होतं. बायपास झाल्यापासून जिना ते कुठंही न थांबता चढत होते.

मल्लेश आत आला. पाटावर बसला. पायाच्या अंगठ्याकडं बघत बोलला.

"आव्वा, मी नोकरी सोडली."

परातीतलं पीठ मळता मळता रुद्राणीचा हात थांबला.

"आणि वर्षाराणी?"

"ती येत न्हाय म्हणती. तिची नोकरी हाय, पोरीची शाळा हाय. बोलायची बंद झालीया माझ्याशी."

"मग कशाला सोडलीस?"

"कशाला म्हंजे? हे कुणी केलं? आप्पा नको नको म्हणत हुते. मीच हट्ट धरला. चांगल्या डोक्याचा माणूस नेऊन मी त्या टेबलावर झोपवला. काल डॉक्टरांना फोन केलता. म्हणाले, नक्की कशानं झालं हे सांगता येत न्हाय. पण विसरायला आधीच सुरुवात झाली असली, तर येवढं मोठं ऑपरेशन मेंदूला झेपत न्हाय कधी कधी. आधी काय हुतं का, म्हणून इच्यारलं."

"मग?"

"काय नव्हतं म्हणून सांगितलं. हुतं तरी काय?"

रुद्राणीनं पुन्हा पीठ मळायला घेतलं. ऑपरेशन झाल्यापासून मल्लेश जेव्हा जेव्हा स्वतःला दोष द्यायचा, तेव्हा ती त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायची. तेवढंच तिला जमत आलं होतं.

होतं की. ऑपरेशनच्या आदल्या वर्षी राधानगरीकडच्या एका मैदानात आण्णांनी जिंकलेल्या पोराच्या जागी केव्हाच वारलेल्या पैलवानाचं नाव पुकारलं होतं. लोकांना गंमत वाटली, शिट्ट्या पडल्या. आण्णा घरी आले ते शर्टसुद्धा न काढता भिंतीकडं तोंड करून निजले. पुढं तसं वरचेवर व्हायला लागलं. ते त्या नवराबायकोलाच ठाऊक होतं.

आणि तपासणीला दवाखान्यात निघताना चपला घालता घालता ते तिला म्हणाले होते,

"डॉक्टरला माझ्या डोक्याचं सांग. मला लाज वाटती, तू सांग. जेवढं हाय तेवढं तरी ऱ्हाऊ दे माझ्याजवळ."

डॉक्टरांनी विचारलंही. मल्लेश तेव्हा खाली रिपोर्ट आणायला गेला होता. "यांना विसरायला होतं का अलीकडं? बोलताना शब्द सापडत नाहीत, असं? असेल तर सांगा, मग आपल्याला वेगळा विचार करावा लागेल. कदाचित औषधांवरच ठेवू."

रुद्राणीच्या डोळ्यांपुढं जिना होता. निम्म्यातच खाली बसलेला, छाती धरून घामानं निथळणारा नवरा होता. औषधांवर ठेवू म्हणजे त्या जिन्यावरच ठेवू, असं तिला ऐकू आलं. तिला माणूस हवा होता. कसलाही.

"न्हाय जी," ती म्हणाली होती. "डोकं अगदी तल्लख हाय त्यांचं."

आण्णांनी तिच्याकडं बघितलं. तिचं बोलणं खोडून काढायला त्यांना एक शब्द पुरला असता. तो त्यांनी काढला नाही. मान खाली घालून सदऱ्याची बटणं लावत राहिले.

"मल्लेश," रुद्राणीनं परात बाजूला सारली. "तू पुण्याला परत जा. तू काय केलेलं न्हाईस."

मग तिनं सगळं सांगितलं. कुठं थांबली नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. सांगून झाल्यावर मल्लेश उठून उभा राहिला.

"त्यांनी तुला सांग म्हटलं हुतं?"

"व्हय."

"आणि तू न्हाय म्हणालीस?"

"व्हय."

"मी इतके दिवस जळतोय, आव्वा! घर मोडायला आलं माझं. तू समोर बसून बघत हुतीस? आणि त्यांचं काय? त्यांच्या जिवाचा निकाल तू एकटीनं लावलास? कुणाला इच्यारून?"

त्याचा आवाज इतका चढला की बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आण्णा दारात येऊन उभे राहिले. एक हात चौकटीवर, दुसरा मल्लेशच्या दिशेनं, अडवल्यासारखा.

"पावणं, बाईमाणसावर वरडू नगासा." शब्द शोधत, सावकाश, पण मैदानातल्यासारखं खणखणीत बोलले ते. "तिनं मला इच्यारूनच केलंय."

मल्लेश बापाच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का बघत राहिला. मग आईकडं वळला. त्याचा आवाज खाली आला होता.

"खरं?"

रुद्राणीच्या ओठांवर होकार आला होता. दिला असता तर पोराचा राग तिथंच निवला असता, आण्णांचा शब्द राहिला असता, आणि दोघांतलं कुणीच तिला कधी पुन्हा विचारणार नव्हतं.

"न्हाय," ती म्हणाली. मल्लेशकडं नाही, आण्णांकडं बघून. "तुम्ही डॉक्टरला सांग म्हटलं हुतं. मी ऐकलं न्हाय तुमचं."

आण्णा तिच्याकडं बघत राहिले. भुवया जवळ आल्या. काहीतरी पार जवळ येऊन निसटावं तसे ओठ हलले आणि थांबले.

"असू दे," ते म्हणाले.

मल्लेशनं तोंड फिरवलं. कळत नकळत हात पुढं करून रुद्राणी आण्णांच्या जवळ गेली. त्यांनी तो हात घेतला नाही. एखाद्या परक्या घरच्या बाईला वाट द्यावी तसे ते अदबीनं बाजूला सरले.