चुकीच्या बसमध्ये गेलेली निळी सुटकेस

मित्रांनो, मी कडक पाठीची एक निळी सुटकेस आहे. आता बरीच जुनी झाले. काळुरामने मला पेणच्या बाजारातून घेतलं ते त्याच्या लग्नाच्या वर्षी. काळुराम कासूजवळच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणारा माणूस. पहिली काही वर्षं माझी भारी ऐट होती. लग्नकार्याला निघायचं म्हटलं की त्याची बायको पुतळी मला ओल्या फडक्यानं पुसायची. पुढे मिठागर बंद पडलं. काळुराम डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर शिफ्ट करू लागला आणि मी माळ्यावर जाऊन पडले.

तिथून मला खाली काढलं ते त्यांच्या मुलीनं, चंद्रावतीनं. आजीचं नाव मिळालेली ही मुलगी पेणच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकून पदवीधर झाली होती. मंगळूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती आणि तिला मुलाखतीला बोलावलं होतं. राहण्याची सोय कारखान्यानंच एका हॉटेलात केली होती. सोबतीला काळुराम निघाला. त्यानं मुलीची सगळी मूळ प्रमाणपत्रं एका फाइलीत घातली आणि फाइल माझ्यात ठेवली.

"बाबा, फाइल माझ्या हातात असू दे," चंद्रावती म्हणाली.

"हातातनं पडंल. हिला कुलूप हाय." त्यानं कुलूप लावून किल्ली तिच्याकडे दिली. ती तिनं पर्समध्ये टाकली.

सकाळी सातला आम्ही हॉटेलात पोचलो. देशभर शाखा असलेलं, ना फार महाग ना अगदी साधं असं ते हॉटेल. मुलाखत अकराला होती, पण खोली बारानंतर मिळणार होती. काउंटरवरच्या मुलीनं सामान भिंतीशी ठेवायला सांगितलं. काळुराम मला सोडेना.

"हम इधरच बैठेगा," तो म्हणाला.

"काका, बॅग कुठे जात नाही. वर नाश्ता मांडलाय, खाऊन या," ती हिंदीत समजावत म्हणाली.

रात्रभरच्या प्रवासानं दोघंही भुकेजलेली होती. बापलेक वर गेली. भिंतीशी माझ्यासारख्याच पाच-सहा निळ्या बॅगा होत्या. त्या एका सहलीच्या होत्या. दारात उडुपीला जाणारी सहलीची बस उभी होती. एका हमालानं घाईघाईनं नुसत्या मोजून बॅगा उचलल्या, त्यात एकीच्या जागी मलाच उचललं. बसच्या पोटाचं झाकण बंद झालं आणि काळोख झाला.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. माझ्या पोटात त्या मुलीची सगळी वर्षं होती आणि बस मला तिच्यापासून लांब नेत होती. प्रत्येक खड्ड्याला फाइल आतल्या आत आपटत होती.

उडुपीला बस थांबली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. कराडहून आलेले हैबतराव नावाचे निवृत्त शिक्षक रक्तदाबाची गोळी घ्यायला आपली बॅग उघडू लागले. त्यांची किल्ली माझ्यात फिरेना. मग त्यांनी माझ्या झाकणावरची रंगानं लिहिलेली अक्षरं वाचली: काळुराम जनू, कासू, तालुका पेण.

सहलीच्या प्रमुखानं हॉटेलला फोन लावला. "तुमची बॅग तिथेच राहिलीय, मास्तर. ही आपण परतताना देऊ, संध्याकाळी."

तेवढ्यात फोनमधून काळुरामचा आवाज आला. "सायेब, माज्या पोरीची कागदं हायत त्यात. अकराला बोलावलंय तिला. संध्याकाळी काय करू मी ती?"

ज्याच्या दर्शनाला सहल आली होती त्या देवळाचं दार समोर दिसत होतं. हैबतरावांनी उभ्या जागी हात जोडले, मला उचललं आणि रस्त्यावर येऊन मंगळूरची बस पकडली. गोळी तशीच राहिली. सगळी वाट त्यांनी मला मांडीवर धरलं होतं आणि ते सारखे घड्याळ बघत होते. त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या पाठीवर उतरत होता.

इकडे हॉटेलात काय झालं ते मला नंतर काळुरामच्या बोलण्यातून कळलं. चंद्रावती रडली नाही. "मी सांगत होते ना बाबा! तुम्ही कधी ऐकलंय माझं?" एवढंच बोलली आणि दहाला रिकाम्या हातानं कारखान्याकडे गेली. काळुराम माझी वाट बघत हॉटेलच्या पायरीवर बसून राहिला.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. काळुराम हैबतरावांच्या पाया पडायला वाकला.

"अहो, पाया नंतर पडा, आधी रिक्षा पकडा!" हैबतराव ओरडले आणि गोळीसाठी आपली बॅग गाठायला आत गेले.

कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. बॅग आत न्यायची नाही, नुसती फाइल दिली तर तो पोचवेल. पण किल्ली चंद्रावतीच्या पर्समध्ये आणि पर्स आत. काळुरामनं इकडेतिकडे पाहिलं आणि रस्त्याकडेचा दगड उचलला. पहिल्या घावाला मी टिकले. दुसऱ्याला कुलूप उडालं आणि झाकणाला लांब चीर गेली. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी साधा ओरखडा पडू दिला नव्हता. पण तेव्हा वाटलं, लवकर फोड बाबा, आणखी जोरात.

फाइल आत गेली.

एक वाजता चंद्रावती बाहेर आली. कागद चुकीच्या बसमध्ये गेल्याचं तिनं आत खरंखरं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी तिचं नाव शेवटी ठेवलं होतं. तिचा नंबर यायच्या जरा आधी फाइल टेबलावर पोचली. काळुराम फाटकाबाहेर मला टॉवेलानं बांधत बसला होता.

"सकाळी मी फार बोलले, बाबा."

"खरंच बोललीस गो. माजंच चुकलं."

ती खाली बसली आणि टॉवेलाचं दुसरं टोक तिनं ओढून धरलं.

तिला ती नोकरी लागली. मी आता तिच्या मंगळूरच्या खोलीत, कॉटखाली असते. चीर पडलेली बॅग कुठे नेण्याजोगी नसते, पण ती मला टाकूनही देत नाही.

मित्रांनो, प्रवासात घाई सगळ्यांनाच असते. तरी सामान उचलताना त्यावरचं नाव एकदा वाचा. आणि दुसऱ्याची वस्तू चुकून हाती आलीच, तर सवडीनं देऊ म्हणून ठेवू नका. तिची वाट बघत कोणीतरी पायरीवर बसलेलं असतं.