डबा फिरवला तर चालतो

परदेशात, क्लेमेंटी भागातल्या अरुणाकाकूंच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणाऱ्या गार्गीचा पीएचडीचा विषय एका वाक्यात मावायचा: आकृती फिरवा, आरशात उलटवा, तरी जे बदलत नाही ते शोधायचं. असं एक सूत्र तिला सापडलंही होतं आणि ते आज सरांना दाखवायचं होतं. त्या खुशीत तिनं आदल्या दिवशी काकूंचा मिसळणाचा डबा घासून, वाट्या परत गोल लावून ठेवल्या होत्या.

सकाळी काकूंनी लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलत, न बघताच पोह्यांना फोडणी दिली. पोहे लालभडक झाले.

"मेथी बोटांना कळते, तिच्या उजवीकडे हळद," काकू करवादल्या. "तू तिथे तिखट ठेवलंस."

"गोल डबा आहे काकू, कसाही फिरवला तरी क्रम तोच राहतो."

"फिरवलास तर राहतो. तू उलटा लावलायस."

गार्गीचा घास हातातच राहिला. तिनं वही ओढली. सूत्र सगळ्या बाजूंनी फिरवून तपासलेलं होतं. आरशात एकदाही नाही. आता उलटवून बघितलं, तर अधिकचं उणे झालं.

"डोळ्यांत पाणी आलं की गं. इतकं तिखट झालंय?" काकूंनी विचारलं.

"हो," गार्गी म्हणाली, आणि सरांना 'आज नको' असा मेसेज टाकून तिनं आणखी पोहे वाढून घेतले.